अढी मनातली, भार काळजावर

राग आला की आपण म्हणतो, “डोके फिरले.” पण फिरते डोके आणि राबते काळीज!

आमच्या अण्णांची बांधावरून भाऊबंदांशी तीस वर्षांची तेढ. पलीकडून नुसते कुणी खाकरले तरी त्यांचे कान तापत, छाती धडधडे. पुढे रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

अमेरिकेत २५५ डॉक्टरांची पाहणी १९८३ साली प्रसिद्ध झाली. विद्यार्थी असताना त्यांना प्रश्न विचारून कुणाच्या मनात इतरांविषयी किती वैरभाव आहे, ते नोंदले होते. पंचवीस वर्षांनी पाहिले, तर जास्त वैरभाव असणाऱ्यांत हृदयविकार चार-पाच पट आढळला.

मेंदूचे दोन भाग म्हणजे बैलजोडीच. पण दोघांची ओढ सारखी नसते. ताण आला की नाडी आणि रक्तदाब चढविण्यात उजव्याचा जोर अधिक, असे काही संशोधक मानतात. वैरभाव मुरलेल्या माणसाचा हा उजवा बैल लवकर बिथरतो, असा त्यांचा कयास आहे. बिथरला की रक्तदाब चढतो. असे रोज घडले तर रक्तवाहिन्या झिजतात.

मंडळी, हक्क सोडा असे मी म्हणत नाही. सरकारी मोजणी आणा, खुणा रोवा. पण मोजणीदार गेल्यावर मनात साखळी ओढत बसू नका. गोळी चालू असेल तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. बांधापलीकडच्याला आपला राग दिसतही नाही; झिजते ते आपलेच काळीज.