शिळेच्या आडोशाला

गौरीकुंड मागे टाकून आपण मंदाकिनीच्या काठाने चढू लागलात, की खेचरांच्या घुंगरांचा नाद, पाठीवर कंडीत वृद्धांना वाहून नेणारे पहाडी हमाल आणि चहाच्या टपरीवर दम खाणारे यात्रेकरू पूर्वीच्याच थाटात भेटतात. मात्र जुन्या प्रवासवर्णनांतला रामबाड्याचा मुक्काम शोधू नका. जून २०१३ च्या पुराने ती वस्ती समूळ नेली. वाट आता पूल ओलांडून पलीकडच्या तीराने, लिंचोलीवरून वर जाते. चाल सुमारे १६ किलोमीटरांची आहे. गुडघ्यांनी कुरकूर केली तर त्यांचे ऐकावे!

साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, हिमशिखरांच्या कुशीत, प्रचंड घडीव दगडांचे केदारनाथाचे मंदिर उभे आहे. युद्धात आप्तांचा वध केल्याचे पातक घेऊन पांडव शिवाला शरण आले. शिव त्यांना टाळीत वृषभरूपाने भूमीत शिरू लागला, आणि पाठीचा उंचवटा तेवढा येथे राहिला, अशी कथा आहे. गाभाऱ्यातील त्रिकोणी, ओबडधोबड पाषाण तोच, असे भाविक मानतात. शरण येणाऱ्याला देव सहजासहजी सापडत नाही, हे या कथेतच सांगितलेले आहे, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

मंदिरामागे चोराबाडी हिमनदी आहे. तिच्या कडेच्या तळ्यात १९४८ साली महात्माजींच्या अस्थी विसर्जित झाल्या, म्हणून त्यास गांधी सरोवरही म्हणत. १६ जून २०१३ च्या संध्याकाळी अतिवृष्टीने पहिला लोंढा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस आणि वितळलेले बर्फ यांनी तुडुंब भरलेल्या त्या तळ्याचा दगडमातीचा बांध फुटला. काही मिनिटांत सरोवर रिते झाले आणि दगडधोंड्यांसह पाणी केदारपुरीवर कोसळले. त्या लोंढ्याबरोबर गडगडत आलेली एक अजस्र शिळा देवळाच्या मागे, काही पावलांवर, अडून राहिली. प्रवाह तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंना दुभंगला. भोवतालची धर्मशाळा-दुकाने गेली, आद्य शंकराचार्यांचे समाधिस्थान गेले. मंदिर उभे राहिले.

लोक तिला भीमशिळा म्हणतात. दर्शन झाल्यावर आपणही मागे वळाल, तिला हात लावाल. पण तेथे क्षणभर थांबून उरलेली हकीकतही आठवावी. देवळात धावलेले कित्येक वाचले. तथापि पाणी आणि राडारोडा आतपर्यंत शिरला, आणि आवारातच अनेकांना मृत्यूने गाठले. त्यांनीही देवालाच हाक मारली होती. उत्तराखंडात मृत व बेपत्ता मिळून चार हजारांहून अधिक माणसे त्या दिवसांत हरपली. तेव्हा ‘देवाने राखले’ हे शब्द ज्याच्या घरचे माणूस परतले नाही त्याच्यासमोर उच्चारताना जीभ अडखळावी, हेच योग्य. माझे स्वतःचे समाधान झालेले नाही, हे कबूल करतो.

अडकलेल्या हजारोंना सैनिकांनी आणि वैमानिकांनी बाहेर काढले. २५ जून रोजी गौरीकुंडाजवळ बचावकार्यातील हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळून त्यातील २० जण मृत्यू पावले. दुसऱ्यांचा आसरा होण्यासाठी आलेल्या त्या तरुणांचे स्मरण, माझ्या मते, शिळेच्या दर्शनाइतकेच अगत्याचे आहे.

भाऊबीजेला मंदिराचे दरवाजे बंद होतात आणि देवाची डोली हिवाळ्यासाठी उखीमठास उतरते, हा दरवर्षीचा क्रम. २०१३ साली मात्र भर उन्हाळ्यातच केदारनाथाची पूजा थांबली. गाळ उपसला गेला, आणि ११ सप्टेंबरला ती पुन्हा सुरू झाली. सामान्य यात्रेकरूंना वाट तेव्हा खुली नव्हती. उद्ध्वस्त दुकानांच्या ढिगाऱ्यांमध्ये, जवळजवळ रिकाम्या केदारपुरीत, त्या सकाळी मंदिराची घंटा वाजली.