एकोणऐंशीवं मिनिट

फुटबॉलचा विषय निघाला की मी मित्रांना एक प्रश्न हमखास घालतो. २ सप्टेंबर २०११ला मेस्सी अर्जेंटिनाकडून भारतात खेळला. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, समोर व्हेनेझुएला. अर्जेंटिनानं सामना १-० असा जिंकला. गोल कोणी केला?

बहुतेक जण 'मेस्सी' म्हणून मोकळे होतात. एखादा जाणकार हिग्वाइनचं नाव घेतो. खरं उत्तर आहे निकोलस ओटामेंडी. कॉर्नर मेस्सीचा, हेडर ओटामेंडीचा. कायमचा कर्णधार म्हणून मेस्सीचा तो पहिला सामना, साबेया या नव्या प्रशिक्षकाचाही पहिलाच, आणि अख्ख्या कोलकात्याचे डोळे एका माणसावर. गोल करणारा स्टॉपर कुणाच्या लक्षात राहणार?

हा प्रश्न मूळचा माझा नाही, दादाचा आहे.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. ओटामेंडी आणि तो एकाच वर्षी, १९८८ला, जन्मलेले. आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्यांना समजावून सांगणं अवघड आहे. पेठेपेठेचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, आणि वर्ल्ड कप आला की गल्लीत एका बाजूला ब्राझीलचा पिवळा झेंडा, दुसऱ्या बाजूला अर्जेंटिनाचा निळा-पांढरा. आमचं घर निळ्या-पांढऱ्या बाजूचं. दादा पेठेतल्या एका संघाकडून स्टॉपर खेळायचा. सेंटर फॉरवर्डच्या नावाचे फ्लेक्स लागायचे, दादाच्या नावाचा कधी लागला नाही. तो म्हणायचा, "बॅकचं नाव लोकं घ्याय लागली की समजायचं, काहीतरी चुकलंय."

ओटामेंडीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असंच, काहीतरी चुकल्यावर. ३ जुलै २०१०, केप टाउन, वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, समोर जर्मनी. मी तेरा वर्षांचा होतो. त्या वर्ल्ड कपसाठी मॅराडोनानं हाविएर झानेट्टीला घेतलंच नव्हतं. हाच झानेट्टी महिन्याभरापूर्वी इंटर मिलानचा कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीग जिंकून बसला होता. जगातला एक उत्तम राइट बॅक घरी, आणि त्याच्या जागेवर बावीस वर्षांचा ओटामेंडी, जो मुळात स्टॉपर. व्हेलेझ सार्सफिल्डकडून लीग जिंकून आलेला, ब्यूनोस आयर्सच्या उत्तरेकडच्या एल तालारचा पोरगा. तिसऱ्याच मिनिटाला श्वाइनश्टायगरची फ्री किक आली आणि म्युलरनं ओटामेंडीच्या पुढं येऊन डोकं लावलं. अकराव्या मिनिटाला त्याला पिवळं कार्ड. सत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं तेव्हा ०-२ झाले होते, संपलं तेव्हा ०-४.

गल्लीतली सगळी मोठी माणसं ओटामेंडीला शिव्या घालत होती. एकटा दादा म्हणाला, "त्याची जागाच न्हाई ती. दुसऱ्याच्या जागेवर उभा करायचं आणि वर त्यालाच बोलायचं?"

पुढच्या वर्षी कोलकात्याची मॅच आम्ही टीव्हीवर पाहिली. गोल झाल्यावर दादा असा ओरडला की शेजारच्या काकू बाहेर आल्या. "बॅकनं मारला! बॅकनं मारला!"

आता २०१२ची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला घेतलाय.

एका स्पर्धेचा उपांत्य सामना होता. आम्ही १-० नं पुढं. शेवटची दहाएक मिनिटं राहिलेली. समोरच्या संघाचा एक वेगवान पोरगा दादाच्या पाठीमागून सुटला. दादा वळला, पळाला, पोचला नाही, आणि डीमध्ये त्याचा हात त्या पोराच्या खांद्यावर पडला. पेनल्टी. १-१. मग जादा वेळेत आम्ही हरलो. गॅलरीतून काय काय ओरडलं गेलं ते लिहिण्यासारखं नाही.

मी पंधरा वर्षांचा होतो. वर्गातली निम्मी पोरं मॅचला आलेली. दुसऱ्या दिवशी शाळेत काय ऐकावं लागणार ते मला दिसत होतं. घरी आल्यावर दादा पायरीवर बसून बूट काढत होता. मी त्याच्यासमोर उभा राहून म्हणालो, "कशाला हात लावायचा त्याला? एवढी साधी अक्कल न्हाई?"

दादा काही बोलला नाही. त्यानं बुटाची नाडी सोडवली, बूट झटकले, आत नेऊन ठेवले. त्या हंगामानंतर तो खेळला नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी लागली होती, सरावाला वेळ होत नाही, असं त्यानं घरी सांगितलं. ते खरंही होतं. पण शिफ्ट सांभाळून खेळणारे संघात आणखी चारजण होते, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

ओटामेंडीची पुढची वर्षं मी या सगळ्याच्या सावलीत पाहिली. पोर्टोकडून तो युरोपा लीग जिंकला, पोर्तुगालची लीग जिंकला. मग व्हॅलेन्सियानं घेतलं आणि मधल्या काळासाठी ब्राझीलच्या अॅटलेटिको मिनेइरोकडे पाठवलं. म्हणजे २०१४च्या वर्ल्ड कपआधी तो ब्राझीलमध्येच खेळत होता, आणि वर्ल्ड कपच्या संघात मात्र नव्हता. अर्जेंटिना फायनलपर्यंत गेली, माराकानावर जर्मनीकडून हरली. या वेळी त्याला बोलायला कुणाला जागा नव्हती, कारण तो तिथं नव्हताच.

मग तो परत आला. २०१५ आणि २०१६ अशा लागोपाठ दोन कोपा अमेरिका फायनल अर्जेंटिना चिलीकडून पेनल्टीवर हरली. २०१८ला रशियात क्रोएशियानं ३-० नं धुतलं. त्या सामन्यात जमिनीवर पडलेल्या राकिटिचच्या अंगावर ओटामेंडीनं बॉल मारला आणि कार्ड घेतलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला त्याचा संत करायचा नाही. कतारमध्ये डचांना हरवल्यावर कानामागं हात लावून त्यांना चिडवणाऱ्यांतही तो होताच. रागीट माणूस आहे.

क्लबकडंही तेच चढउतार. मँचेस्टर सिटीनं २०१७-१८ला शंभर गुणांनी प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेनं निवडलेल्या वर्षातल्या सर्वोत्तम संघात ओटामेंडी होता. दोनच हंगाम पुढं या. कोंपनी क्लब सोडून गेलेला, लापोर्त जखमी, आणि नॉर्विचसारख्या नव्यानं वर आलेल्या संघाविरुद्ध ओटामेंडीनं आपल्याच गोलसमोर बॉल गमावला. पुक्कीनं गोल केला, सिटी ३-२ नं हरली. २०२०ला सिटीनं बेनफिकाकडून रुबेन डियास आणला आणि त्याच व्यवहारात ओटामेंडी तिकडं गेला. पोर्टोचा जुना माणूस बेनफिकात, म्हणजे आमच्याकडं एका पेठेचा स्टॉपर दुसऱ्या पेठेकडून खेळायला लागल्यासारखं. पहिल्याच सामन्यात त्याच्याकडून चुका झाल्या. पुढं त्याच क्लबचा तो कर्णधार झाला आणि २०२३ला लीग जिंकला.

मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं, नोकरीला लागलो. दादा शिफ्ट करत राहिला. आम्ही फुटबॉलवर बोलायचो, व्हॉट्सअॅपवर क्लिपा पाठवायचो. १० जुलै २०२१ला माराकानावर ब्राझीलला हरवून अर्जेंटिनानं २८ वर्षांनी मोठी ट्रॉफी जिंकली, तेव्हा आम्ही फोनवर दोघंही रडलो. फक्त त्या पेनल्टीबद्दल कधीच बोललो नाही.

आणि मग १८ डिसेंबर २०२२.

त्या रविवारी मी मुद्दाम कोल्हापूरला गेलो. काकांच्या घरी सगळे जमलेले. साडेआठला मॅच सुरू झाली. मेस्सीची पेनल्टी, मग डी मारियाचा तो गोल, २-०. फ्रान्सला सत्तर-पंचाहत्तर मिनिटं काही सुचतच नव्हतं. ओटामेंडी चौतीस वर्षांचा, स्पर्धेतला सातवा सामना, सातही सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेला. खाली गल्लीत फटाक्यांची माळ लावून ठेवली होती.

एकोणऐंशीव्या मिनिटाला कोलो मुआनी त्याच्या पाठीमागून सुटला. चोवीस वर्षांचा, ताज्या दमाचा पोरगा. ओटामेंडी वळला, पळाला, पोचला नाही. हात लागला. कोलो मुआनी पडला. पेनल्टी.

आणि माझ्या तोंडून निघालं, "कशाला हात लावायचा त्याला!"

खोलीत आणखी चारपाचजण तसंच काहीतरी ओरडत होते. पण हे वाक्य माझ्या आवाजातलं होतं, आणि दहा वर्षांपूर्वीचंच होतं. बोलल्या क्षणी मला ते कळलं. मी दादाकडं बघितलं. तो टीव्हीकडंच बघत होता. एमबाप्पेनं पेनल्टी मारली. दीड मिनिटात दुसराही गोल मारला. २-२. दादा उठला, "पाणी आणतो" म्हणाला आणि बाहेर गेला. परत आला नाही.

मी उठून जायला हवं होतं. गेलो नाही. मॅच सुटत नव्हती आणि जाऊन काय बोलायचं तेही कळत नव्हतं. मेस्सीचा दुसरा गोल, एमबाप्पेचा तिसरा गोल, आणि १२३व्या मिनिटाला लांबून आलेला तो बॉल. पुन्हा ओटामेंडीच्या पलीकडं गेला. पुन्हा कोलो मुआनी, एकटा, समोर फक्त एमिलियानो मार्टिनेझ. मार्टिनेझनं डावा पाय लांबवला. बॉल पायाला लागून उडाला.

पेनल्टी शूटआउटमध्ये शेवटची किक माँटिएलनं मारली. जादा वेळेत ज्याच्या हाताला बॉल लागून फ्रान्सला दुसरी पेनल्टी मिळाली होती, तोच माँटिएल. त्याला चूक भरून काढायची संधी थोड्याच वेळात मिळाली, साऱ्या जगासमोर. ओटामेंडीला तसं काही मिळालं नाही. त्यानं किक मारली नाही, गोल वाचवला नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी डाव्या पायामुळं वाचला. मार्टिनेझचा पाय चार इंच अलीकडं राहिला असता, तर हाच माणूस, सात सामने सुरुवातीपासून उभा राहिलेला, आयुष्यभर दोनच क्षणांचा माणूस म्हणून ओळखला गेला असता. सामना तोच, तो खेळला तेही तेवढंच.

दादाच्या वेळी गोलकीपर चुकीच्या बाजूला उडाला होता. फरक तेवढाच.

गल्लीत फटाके सुरू झाल्यावर मी खाली गेलो. दादा एका बंद दुकानाच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसलेला. शेवटपर्यंत तिथंच मॅच बघितली होती, ॲप अडकत होतं म्हणून एक मिनिट मागं. आमचा आरडाओरडा त्याला आधी ऐकू आला आणि माँटिएलचा गोल नंतर दिसला. त्यानं मला मिठी मारली. त्या गर्दीत मी काही बोललो नाही.

बोललो ते पुढच्या वर्षी. २१ नोव्हेंबर २०२३ला ब्राझीलमध्ये, माराकानावरच, वर्ल्ड कप पात्रतेचा सामना होता. आपल्याकडं २२ची सकाळ. गॅलरीत पोलीस आणि प्रेक्षकांत मारामारी झाली, सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला. त्रेसष्टाव्या मिनिटाला लो सेल्सोचा कॉर्नर आला आणि ओटामेंडी सगळ्यांच्या वर उडाला. १-०. वर्ल्ड कप पात्रतेच्या इतिहासात ब्राझील तोवर आपल्या घरी कधीच हरला नव्हता. तो विक्रम मोडला एका पस्तीस वर्षांच्या स्टॉपरनं.

दादाची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणून तो घरी होता. मेसेज आला, "बॅकनं मारला!!!"

मी फोन केला. गोलबद्दल बोलून झालं. मग मी म्हणालो, "दादा, त्या मॅचनंतर मी तुला जे बोललो होतो ना, ते मी बोलायला नको होतं." कुठली मॅच हे त्यानं विचारलं नाही. पलीकडं थोडा वेळ फक्त मिक्सरचा आवाज येत होता.

मग म्हणाला, "लहान होतास." आणि जरा थांबून, "फायनलला ओटामेंडी उशिरा वळला बघ. बॉल सुटायच्या आधीच दोन पावलं मागं घ्यायला पाहिजे होती. एकदा पोरगा पुढं गेला की हात आपोआप जातोय, थांबवता येत न्हाई. मी पण तसाच वळलो होतो. उशिरा."

अकरा वर्षांत त्या पेनल्टीबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. अपराध्यासारखा नाही, स्टॉपरसारखा. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. कुठं उभा होता, पोरगा कुठनं आला, डावा पाय आधी टाकला असता तर काय झालं असतं. वीसएक मिनिटं. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा फोन ठेवला.

ओटामेंडी नंतरही चुकतोच आहे. सप्टेंबर २०२५ला इक्वेडोरविरुद्ध एकतिसाव्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. त्याही पहाटे दादाचा मेसेज आला होता.

"पुन्हा उशिरा वळला."