नायट्रेट १३.८

'पिण्यास योग्य' असा निळा शिक्का मारलेला एक कागद माझ्या दुकानाच्या गल्ल्यात पडून आहे. गिऱ्हाइकाला सुट्टे देताना तो हाताला लागतो आणि दर वेळी डोकं फिरतं.

लोणंदला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. घर वस्तीवर, तिथे नळ नाही, सगळं बोअरवर. घरातला खाऱ्या पाण्याचा फिश टँक मुलाचा. तो शिकायला पुण्याला गेला आणि टँक माझ्या गळ्यात पडला. १६० लिटर पाणी, दोन निमो, एक निळी डॅमसेल. सातारा जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजारपेठेत कुणी घरात समुद्र बाळगावा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटत नाही. पण जीव आहेत म्हटल्यावर बघावं लागतं.

माशांच्या घाणीपासून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य, पण ते साचत जातं. त्याचा वायू करून हवेत सोडणारे जिवाणूही असतात, फक्त त्यांना हवा न पोचणारी जागा लागते, आणि घरच्या टँकमध्ये ती पुरेशी नसते. म्हणून थोडं थोडं पाणी बदलायचं. मुलाने जाताना टेस्ट किट हातात देऊन एवढं समजावून सांगितलं होतं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, दुसरी बाटली आधी खडखडून हलवायची. पिवळं आलं तर ठीक, लाल आलं तर वाईट.

आमचं लाल आलं. शंभराच्या आसपास. समुद्राच्या वरच्या पाण्यात नायट्रेट सहसा लिटरमागे एक मिलिग्रॅमही नसतं. काचेवर हिरवट शेवाळ चढलं होतं, खरवडलं की परत हजर.

पुण्यातल्या ज्या दुकानातून हे सगळं आणलं होतं, तिथे फोन लावला. "काका, तुम्ही खाणं जास्त टाकताय." मी कमी केलं. आकडा तिथेच. "अजून कमी करा." एक दिवसाआड केलं. निमो काचेला तोंड लावून माझ्याकडे बघायचे, मला जेवण जायचं नाही. फोन केला की पुन्हा तेच, आवाजात एक समजूतदार हसू. खेड्यातला माणूस, मायेपोटी मुठीने खाणं टाकत असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मला याचा राग आला आणि अजून आहे. मी चाळीस गेजच्या तारेचे वेढे मोजून भरणारा माणूस. चिमूट म्हणजे किती, ते मला कळतं.

मग बाटल्या आल्या. जिवाणूंची बाटली, नायट्रेट 'खाणारी' बाटली, फिल्टरमध्ये घालायच्या गोळ्या. एकाने जिवंत प्रवाळाचे दगड आणून देतो म्हणून सांगितलं, त्यांच्या पोटातल्या बिनहवेच्या जागेत नायट्रेट मरतं म्हणे. शास्त्र खरं आहे, पण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे जवळजवळ वाघाच्याच पंक्तीला. मासे वाचवायला जेलात जायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या एकाने रोज थोडी व्होडका टाकायला सांगितलं. हाही वेडेपणा नाही. अल्कोहोलातल्या कार्बनवर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट ओढून घेतात आणि मग फेसाबरोबर स्किमरमधून बाहेर पडतात. पण आमच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात व्होडकाची बाटली माशांसाठी आणलीय, हे तिला कोण पटवणार? व्हिनेगरनेही तेच काम होतं, ते वापरलं. आकडा थोडा हलला आणि परत चढला.

पाणी तर मी बदलत होतोच. बदललं की उतरायला हवं, उतरत नव्हतं. मोटार वारंवार जळायला लागली की आम्ही आधी मोटारीला दोष देत नाही, लाइनचं व्होल्टेज बघतो. तसंच एका संध्याकाळी नळीत टँकचं पाणी न घेता बोअरचं घेतलं. ज्याच्यात मी मीठ कालवत होतो ते पाणी.

लाल. चाळीस आणि ऐंशीच्या मधलं लाल.

आता हिशेब सोपा होता. टँकमध्ये शंभर, बोअरमध्ये साठ धरा. चौथा हिस्सा पाणी नायट्रेट नसलेल्या पाण्याने बदललं तर शंभराचे पंचाहत्तर होतात. बोअरच्या पाण्याने बदललं तर नव्वद. त्यात उन्हाळ्यात रोज दोनेक लिटर पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी, नायट्रेट मागेच राहतं, आणि भर घालताना मी नवं नायट्रेट ओतत होतो. नुसत्या भरतीनेच महिन्याला वीस-बावीसने आकडा वाढणार. माशांना उपाशी ठेवून काय होणार होतं, कप्पाळ?

हे समजल्याचा आनंद साधारण पाच मिनिटं टिकला असेल. कारण त्याच बोअरचं पाणी आम्ही पितो. आणि त्या महिन्यात भाची बाळंतपणाला आलेली होती, बाळाला वरचं दूध चालू होतं. पावडर, उकळलेल्या पाण्यात.

नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. कँडलच्या फिल्टरमधून ते सरळ निघून जातं. उकळलं तर कमी होत नाही, पाणी आटतं तेवढं घट्ट होतं. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद ते काढून घेऊ शकतं, ओठ-नखं निळी पडतात. अमेरिकेतल्या आयोवामधल्या कॉम्ली नावाच्या डॉक्टरने १९४५ साली विहिरीचं पाणी पिणाऱ्या बाळांत हे पहिल्यांदा दाखवून दिलं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि मानकात त्यापुढे सवलत नाही. आमचं बाळ ठणठणीत होतं, आहे. त्याच रात्रीपासून त्याच्यासाठी आरओचा जार सुरू केला, आणि खात्री करायची म्हणून बोअरचा नमुना एका प्रयोगशाळेत दिला.

बऱ्याच दिवसांनी तो कागद आला. नायट्रेट १३.८. मर्यादा ४५. पिण्यास योग्य. शिक्का.

घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला मुकाट्याने वेड्यात काढलं. मीही काही काळ मानलं की किटच खोटं. पण रंग डोळ्यांसमोरून जाईना. कागद चष्मा लावून पुन्हा वाचला तर आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत 'नायट्रोजन म्हणून' असं छापलेलं. म्हणजे त्यांनी नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजला होता. त्याला ४.४३ ने गुणल्यावर नायट्रेट मिळतं. १३.८ गुणिले ४.४३ म्हणजे ६१. आणि ४५ ची मर्यादा आहे ती अख्ख्या नायट्रेटची. नायट्रोजनच्या मापात ती दहाच्या जरा वर येते. मोजलं एका मापाने, तोललं दुसऱ्या मापाने. दोन रकाने एकाच ओळीत, शेजारी शेजारी.

मी गेलो. खिडकीतल्या मुलाने ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे. म्हणाला, "काका, १३ मोठे का ४५ मोठे?" मी गुणाकार करून दाखवला. तो म्हणाला, फॉरमॅट वरून आलाय. वरच्या साहेबांनी कागद हातात घेतला, बघितला, आणि मला वाटतं त्यांना कळलं. चेहऱ्यावरून कळतं माणसाच्या. म्हणाले, "एवढं काही नसतं हो. सगळीकडे असंच पाणी आहे." मी म्हटलं, साहेब, सगळीकडे असंच असेल तर सगळ्यांना असाच शिक्का मारलाय का? त्यावर फोन वाजला आणि ते उठून आत गेले. दुरुस्त कागद द्या म्हणून अर्ज टाकला. उत्तर नाही. जास्त नायट्रेटपेक्षा मला हा शिक्का जास्त लागतो. पाण्याचं कारण जमिनीत आहे. शिक्क्याचं कारण कुठे आहे?

किट घेऊन मग मी आसपासच्या बोअरवर फिरलो. मोटार उतरवायला गेलो की नळी काढायचो. कालव्याचं पाणी जवळजवळ पिवळं, उसाच्या रानातल्या बोअर बहुतेक लाल. एक शेजारी म्हणाला, "आरं, तुझ्या माशास्नी चालत न्हाई म्हणून आम्ही ऊस बंद करू का?" त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी १६०. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात नत्र साधारण वीस किलो, म्हणजे सगळं युरियातूनच दिलं तर एकरी आठ पोती झाली. शिफारस करणाऱ्यांनी ते हप्त्या-हप्त्याने द्यायला सांगितलंय. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. पण मजूर मिळतो त्या दिवशी माणूस खत उरकून घेतो, आणि वरून पाटाने भरपूर पाणी सोडतो. उसाला लागतं ते ऊस घेतो, उरलेलं आमच्या मोटारी वर आणतात.

माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी असते तेव्हा दिंडीसाठी आमची बोअर रात्रंदिवस चालू असते. यंदा आईने विचारलं, वारकऱ्यांना देऊ नये का? मी म्हटलं, दे. मोठ्या माणसाला दोन दिवसांत काही होत नाही. ते खरं आहे, तरी देताना हात जड झाला. बाळं घेऊन आलेल्या दोघी-तिघींना मी आतून जारचं पाणी आणून दिलं, कारण न सांगता.

टँक आता वीसवर आहे. आरओचं पाणी, खालच्या टाकीत दिव्याखाली वाढवलेलं तारेच्या गुंत्यासारखं शेवाळ, आणि ते वाढलं की कापून बाहेर. कापलेल्या शेवाळाबरोबर नायट्रेट घराबाहेर जातं. माशांचं खाणं मी पूर्ववत केलंय, आणि पुण्याला फोन करून तेवढं मुद्दाम सांगितलं. कुणाला हा त्रास असेल तर बाटल्यांवर पैसे घालवण्याआधी घरच्या नळाचं पाणी तपासा, आणि रिपोर्ट आला तर आकड्याआधी त्याच्या शेजारची बारीक अक्षरं वाचा.

पण जारवाल्याच्या प्लांटवर मोटार बसवायला गेलो तेव्हा पाहिलं, त्याचीही बोअरच. एक भाग गोड पाणी जारमध्ये, आणि अडवलेलं सगळं नायट्रेट घेऊन त्याहून जास्त पाणी मागच्या चरीत सोडलेलं. ती चर जिरते कुठे, हे मला विचारायची गरज नव्हती. मी त्याचा महिन्याचा गिऱ्हाईक आहे. माशांसाठीसुद्धा.

आमचा स्वतःचाही दीड एकर आडसाली ऊस आहे, अण्णा बघतात. मोठ्या बांधणीच्या खतासाठी त्यांनी चार पोती युरिया आणायला सांगितलाय. मी दोन आणणार आहे, आणि उरलेला महिन्याने. भांडण होणार हे नक्की. गेल्या वर्षी अर्धं पोतं कमी आणलं तर ते दोन दिवस जेवले नव्हते.