हाताला न कळणारं

आमच्या शिल्पाच्या शेडमध्ये सुरक्षिततेचे बरेचसे नियम हे चांगल्या कामाचेच नियम आहेत. पीओपी पाण्यात टाकायचं, पाणी पीओपीवर ओतायचं नाही. घमेल्यातल्या पाण्यावर ते हळूहळू भुरभुरायचं, वर बेटं दिसू लागली की थांबायचं, भिजू द्यायचं, मग काठीनं ढवळायचं. गुठळ्या होत नाहीत, भुकटीही कमी उडते. दगड कापताना पाणी सोडलं की ब्लेड तापत नाही आणि धूळ बसते. टाकीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं की कडा घासून टाकायची. घाव सरळ बसतो, कपचा उडून डोळ्यात जात नाही.

एवढं हात आपोआप शिकतो, कारण चूक लगेच दिसते. मला धास्ती असते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. पीओपी घट्ट होताना तापतं. सुरुवातीला ते गारच लागतं आणि चटका कळेपर्यंत हात आत अडकलेला असतो. 2007 साली इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीनं स्वतःच्या हातांचा साचा काढायला दोन्ही हात पीओपीत बुडवले. तिची बहुतेक बोटं गेली.

धुळीचंही तसंच. वालुकाश्म, ग्रॅनाइटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि त्रास कित्येक वर्षांनी सुरू होतो. आमच्या सेलू गावच्या उन्हाळ्यात प्रत्येकाच्या तोंडाला दुपट्टा असतोच. पोरं म्हणतात, "भाऊ, बांधला आहे ना!" पण बारीक धूळ दुपट्ट्याला जुमानत नाही, आणि त्याचं लोंबतं टोक ग्राइंडरनं धरलं तर मानच ओढली जाईल. म्हणून दुपट्टा खुंटीवर, तोंडाला नीट बसणारा मास्क. पवनारला विनोबांच्या आश्रमात जमिनीतून निघालेली वाकाटककालीन शिल्पं पाहायला मी पोरांना नेतो. कोरणाऱ्याचा हात तिथे दिसतो; त्याच्या छातीत गेलेली धूळ दिसत नाही.

फायबरचं काम त्याहून कडक. मे महिन्यात हिवाळ्याइतकं हार्डनर घातलं तर रेझीन मगातच घट्ट होऊन धुमसतं. ते प्रमाण सवयीनं जमतं. रेझीन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं कोबाल्ट मात्र आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर. ती दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडतो, म्हणून बाटल्याही शेडच्या दोन टोकांना ठेवतो. जे हाताला कळतं ते मी पोरांना करून बघायला सांगतो. जे कळत नाही ते सांगितलं म्हणून मानायचं.