दुखणं डोक्यात, मूळ मानेत

हैदराबादला काचीगुड्यात मी गेली अठरा वर्षं साड्यांना फॉल-पिको करून देते. दोन वर्षांपूर्वी उजव्या मानगुटीतून निघालेली कळ डोक्यावरून थेट डोळ्यामागे येऊन ठाण मांडू लागली. घरात सर्वांचं निदान एकच, अर्धशिशी! बेळगावहून सासूबाई रोज फोनवर विचारायच्या, "तलेनोवु हेगिदे?" बाम झाला, सुंठीचा लेप झाला, चष्म्याचा नंबरही बदलला. अखेर मशीन बंद ठेवायची वेळ आली, तेव्हा धास्तावले. लेकीच्या कॉलेजची फी त्याच मशीनवर निघत होती.

डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ही मुलगी बिदरची, दोन्ही भाषा सरमिसळ बोलणारी. मला उताणं झोपवून तिने हनुवटी छातीकडे आणली आणि मान दोन्हीकडे वळवली. डावीकडे सहज वळली. उजवीकडे मध्येच अडली आणि नेमकी तीच कळ उठली. ती हसून म्हणाली, "नोवु तलेयल्ली, पण मूळ मानेत!"

मानेतल्या वरच्या तीन नसा आणि कपाळाकडून येणारी नस आत एकाच ठिकाणी मिळतात. म्हणून मानेचं दुखणं मेंदूला कपाळाचं वाटतं. नॉर्वेच्या डॉ. ओटार स्यास्ताद यांनी १९८३ साली या दुखण्याला 'सर्व्हिकोजेनिक हेडेक' हे नाव दिलं. ऑस्ट्रेलियात दोनशे रुग्णांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या हस्तोपचाराचा आणि व्यायामाचा गुण वर्षभर टिकलेला दिसला.

व्यायाम तरी केवढा? उताणं झोपून, डोकं न उचलता, 'हो' म्हणताना हलवतो तशी हनुवटी हलकेच आत घ्यायची, दहा आकडे मोजायचे आणि सोडायची. असं दहा वेळा. शिवाय खांद्यांचे व्यायाम, मशीनच्या टेबलाखाली विटा आणि दर अर्ध्या तासाने उठणं. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नव्हता. दीड महिन्याने लग्नसराईच्या साड्या पुन्हा घेतल्या. कळ आता महिन्यातून एखाद्या वेळी डोकावते, तेवढीच.

मैत्रिणींनो, कुणाकडून कडकन मान मोडून मात्र घेऊ नका. पार्लरमध्ये केस धुताना मान मागे ताणली गेल्याने एका बाईंना पक्षाघात झाल्याचं २०२२ साली हैदराबादच्याच एका मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं होतं. आणि डोकं अचानक असह्य दुखलं, ताप आला, बोलणं अडखळलं किंवा हात लुळा पडला, तर व्यायामाची चटई नको. आधी दवाखाना गाठा.