आईचं बोट

आईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "अगं, ते चित्र परत गेलं बघ." चित्र म्हणजे वीजबिल भरायचं ॲप. आई देवरुखला एकटी राहते, मी पुण्यात. २०२२च्या पावसाळ्यात तिनं मनावर घेतलं की बिलासाठी दर महिन्याला कुणाची मनधरणी करायची नाही, आपलं आपण भरायचं. वय तेव्हा ७१. मी फोनवरून सांगायचे, "खाली उजवीकडे बघ, तिथं दाब." ती दाबायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. दहा मिनिटांत माझा आवाज चढायचा. मग ती म्हणायची, "राहू दे, तुला कामं असतील." त्यानंतर मला रात्रभर चुटपुट लागून राहायची.

म्हणून माझ्या फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून तिला पाठवायचं ठरवलं. अँड्रॉइड ११पासून, म्हणजे २०२०पासून, ही सोय फोनच्या आतच आली आहे. वरची पट्टी खाली ओढली की छोट्या चौकोनांत 'स्क्रीन रेकॉर्ड' सापडतं. पहिला व्हिडिओ मुका गेला. सुरुवातीलाच फोन विचारतो, आवाज कुठला घ्यायचा, फोनमधला, माइकचा की दोन्ही. माझ्याकडून माइक निवडायचा राहिला होता. आईनं तो तीनदा पाहिला आणि विचारलं, "तू बोलत का नाहीस?" दुसऱ्यात बोलले, तर व्हॉट्सॲपवरून जाताना व्हिडिओ आक्रसला आणि अक्षरं पुसट झाली. तिसरा डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तो स्वच्छ पोचला.

त्या तिसऱ्यात माझी मोठी चूक झाली. रेकॉर्डिंग चालू असताना वर एका मेसेजची पट्टी आली आणि दोन-तीन सेकंदांत गेली. माझ्या ते लक्षातही आलं नाही. आईनं मात्र नेमका तिथंच व्हिडिओ थांबवला. माझ्या थायरॉइडच्या गाठीचा रिपोर्ट तयार असल्याचा तो मेसेज होता, आणि गाठीबद्दल मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. बिलाबद्दल एक शब्द नाही. रिपोर्ट चांगला निघाला, पण तो हातात पडेपर्यंतची ती रात्र तिनं जागून काढली. तेव्हापासून 'डू नॉट डिस्टर्ब' लावल्याशिवाय मी रेकॉर्डिंगला हात घालत नाही.

एका ठिकाणी मात्र पडदा आपणहून काळा झाला. यूपीआय पिन टाकायच्या पानावर व्हिडिओत नुसता अंधार. पैशांच्या बहुतेक ॲपमध्ये असं पान टिपता येऊ नये अशी तजवीज केलेली असते. आई म्हणाली, "इथं काही दिसत नाही गं." मी म्हटलं, "दिसायला नकोच. तो आकडा मलासुद्धा सांगायचा नाही. आणि कुणी अनोळखी माणूस फोनवर 'हे ॲप टाका, तुमची स्क्रीन आम्हाला दिसू दे' म्हणाला, तर फोन कापायचा." हे तिला एकदा सांगून पुरलं. तिनं ते कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं.

एवढं होऊनही चित्र जातच होतं. शिवाय तिच्या आणि माझ्या फोनच्या कंपन्या वेगळ्या, त्यामुळे "तुझ्यासारखं माझ्याकडे नाही" हे अर्ध्या वेळेस खरंच असायचं. शेवटी मी उलटं केलं. म्हटलं, "आता तू मला दाखव." शेजारच्या बारावीतल्या मुलानं तिच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून दिलं, आणि माझ्या सांगण्यावरून स्क्रीनवरचे स्पर्श दिसण्याचा पर्यायही चालू केला. त्यामुळे बोट जिथं टेकतं तिथं व्हिडिओत एक पांढरा ठिपका उमटतो आणि बोट उचललं की तो नाहीसा होतो.

एक मिनिट पन्नास सेकंदांचा तो व्हिडिओ मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून पाहिला. ठिपका वीजबिलाच्या चित्रावर आला. अगदी बरोबर, मधोमध. आणि तिथंच थांबला. उठेच ना. चित्राशेजारी एक छोटी यादी उघडली. ठिपका गेला, पुन्हा आला, पुन्हा थांबला, आणि या वेळी किंचित सरकला. चित्र त्याच्याबरोबर उचललं गेलं, पडद्याच्या वरच्या कडेला 'काढून टाका'च्या जागेवर गेलं आणि दिसेनासं झालं. मागून आईचा आवाज, "बघ, मी काही केलं नाही."

तिनं खरोखर काही चुकीचं केलं नव्हतं. मी सांगितलेल्या जागीच ती बोट ठेवत होती. फक्त ती दाबत होती, आणि या काचेला नुसतं टेकवणं हवं असतं. साधारण अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ बोट राहिलं की फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो. दाराची बेल, मिक्सरचं बटण, टीव्हीचा रिमोट, आईच्या आयुष्यातलं प्रत्येक बटण नीट दाबल्याशिवाय चाललेलं नाही. त्यात पापडाच्या पिठानं आणि विळीनं कडक झालेली बोटाची टोकं. कधी स्पर्श लागत नाही, म्हणून ती आणखी जोर देते. आणि मी दोन महिने तिला "हळूच दाब, हळूच" सांगत होते. हळूच दाबायचं म्हणून ती बोट आणखी जास्त वेळ ठेवत होती! माझाच शब्द चुकीचा होता.

इलाज सेटिंग्जमध्येच होता. ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' नावाची जागा असते. तिथं बोट किती वेळ टेकलं म्हणजे 'धरून ठेवलं' असं फोननं समजायचं, हे ठरवता येतं. आईच्या फोनवर आम्ही सर्वांत लांबची वेळ ठेवली, दीड सेकंदाची. त्या दिवसापासून चित्र जागचं हललेलं नाही. पुढचं बिल तिनं एकटीनं भरलं आणि पावतीचा फोटो रात्री पावणेदहाला पाठवला.

या दिवाळीत घरी जाल तेव्हा आईवडिलांच्या फोनवर ही एक सेटिंग उघडून बघा. जाता येणार नसेल, तर त्यांना काही शिकवण्याआधी त्यांच्या स्क्रीनचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवा, स्पर्शाचा ठिपका चालू ठेवून. आणि ते बघताना मध्ये बोलू नका.