सायकल मोहिमेतला निवांत दिवस

मुंबई ते गोवा सागरी मार्गाने सायकलवर निघालात, की कोकणातले चढ-उतार रोज दमवतात. म्हणून मधला एखादा दिवस मुद्दाम छोटा ठेवा. हेदवीहून निघा, तवसाळला सायकलीसकट फेरीबोटीत चढा आणि शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरा. वाटेत मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मस्थान पाहा आणि दुपारीच गणपतीपुळ्याला मुक्काम करा.

चेन पुसून तेल घाला, ब्रेक तपासा, कपडे वाळत घाला. एरवी पुढचे-मागचे थेट मुक्कामीच भेटतात. आज सगळ्यांत हळू चालवणाऱ्याच्या वेगाने सगळेच जा. गुडघा दुखतोय, हे घाईच्या दिवशी कुणी सांगत नाही. सोबत निवांत कोकम सरबत पिताना सांगतो. ते वेळेवर कळलं, तरच सगळे मिळून गोव्याला पोहोचतात!